डॉमनिकच्या गाडीतली बोलणी

वसईचा डॉमनिक आठवतो ना तुम्हाला? मस्कतला आम्ही दार्सैतमध्ये एकाच इमारतीत राहायचो. दोघांची ऑफिसं अल् खुवैरला, म्हणून मी रोज त्याच्याच गाडीतून जायचो. पंचाईत एवढीच, की त्याच्या कंपनीने आमच्या कंपनीच्या हॉटेलात बसवलेला एसीचा प्लांट पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडला आणि दोन्ही कंपन्यांचं बिनसलं. करार इंग्लंडच्या कायद्याखालचा. वकिलांशिवाय कोणी या विषयावर बोलायचं नाही, असा दोन्हीकडे हुकूम. मग गाडीत आम्ही क्रिकेटवर बोलायचो.

अशी वर्षं गेली. एका संध्याकाळी आमच्या लंडनच्या वकीलबाई फोनवर साहेबांना म्हणाल्या, "दाव्याची सहा वर्षांची मुदत संपत आलीय. पण थेट कोर्टात गेलात तर जज आपल्यालाच बोलतील. आधी नोटीस द्या, उत्तराला वेळ द्या, तडजोडीचं बघा. त्यांच्याकडचं कोणी ओळखीचं आहे का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एक आहे, सर. तो खाली गाडीत माझी वाट बघतोय."

साहेब म्हणाले, "यल्ला, चल, जा लवकर."

गाडीत बसल्याबसल्या मी विषय काढला. डॉमनिकने सुस्कारा सोडला. "चूक आमचीच रे. पाइप उलटे जोडले होते. आमच्या साहेबांनाही मिटवायचंच आहे."

कोर्टाची पायरी न चढता प्रकरण मिटलं. नंतर डॉमनिक म्हणाला, "आमच्या वकिलांनीपण भांडण सुरू झालं तेव्हाच विचारलं होतं, तिकडचं कोणी ओळखीचं आहे का. मी नाही म्हणून सांगितलं."

"का रे?"

"हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तुला टॅक्सीने जावं लागलं असतं."