कोपऱ्यातला पेन्सिलीचा आकडा

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला कोणाचीच जीभ वळत नाही त्या आपल्या सिस्टर, आणि बंधुभगिनींनो,

आज एकवीस तारीख, सिस्टरांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. सहा वर्षांत या हॉलमध्ये मी टाळ्यांखेरीज आवाज केलेला नाही. एवढ्या लांबलेल्या मौनाबद्दल आधी क्षमा मागते, कारण आजचं बोलणंही सरळ होईल याची मला खात्री नाही.

सिस्टरांना आपण 'पाच मिनिटं' म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. (हसू नका, त्यांना माहीत आहे.) तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीला गरोदर बाई तीन जिने चढून येते. सिस्टर तिला पाठ टेकवून, पावलं जमिनीला लावून बसवतात आणि टेबलावरचं पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ उलटं करतात. "बोलायचं नाही. नवऱ्याचा विषय तर मुळीच नाही, त्यानं बीपी वीसनं वाढतं." तरी आल्या आल्या एक माप घेतातच, बाईच्या समाधानासाठी, आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं टिपतात. ते धरायचं नसतं. नंतर दोन्ही हातांवर दोनदोनदा घेतलेल्या मापांची सरासरी येते, ती शाईनं.

माझं काम त्यापुढचं. ती सरासरी, रक्ताचा अहवाल, सोनोग्राफीत दिसलेला गर्भाशयाकडचा रक्तप्रवाह, घरातले आजार, सगळं संगणकात भरायचं. पुढे रक्तदाब चढून आई-बाळाच्या जिवावर बेतण्याची शक्यता किती, ते तो एका आकड्यात सांगतो. शंभरात एक किंवा त्याहून जास्त आली, की डॉक्टर रोजची एक छोटी गोळी सुरू करतात.

चार वर्षांपूर्वी एका बाईला मी आकडा सांगितला: अठ्ठ्याऐंशीत एक. गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांनी कागद लावताना सिस्टरांनी हाक मारली. "अगं, हे कोपऱ्यातलं कशाला घेतलंस?"

शाईतलं माप भरून आकडा पुन्हा काढला. एकशे साठात एक. म्हणजे गोळीची गरजच नव्हती.

डॉक्टरसाहेब, तुम्ही तेव्हा म्हणालात, "गोळी चालू ठेवायला हरकत नाही. पण तिला खरं सांगा आणि तिलाच ठरवू द्या." मी गेले. तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळे निदान कळलं तरी." मी तिला पुढची तारीख दिली आणि परत आले.

सदतिसाव्या आठवड्यात तिचं बीपी चढलंच. लगेच बाळंतपण करावं लागलं. मुलगी झाली, दोघी ठणठणीत. ती माझ्या टेबलावर फुलं ठेवून गेली. "तुमच्या आकड्यानं वाचवलं."

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? चुकून दिलेल्या गोळीनं ते दुखणं तेवढं लांबवलं? की ती त्या एकशे साठांतलीच एक होती, आणि गोळीविनाही हेच झालं असतं? एकाच बाईला तेच बाळंतपण दोनदा देऊन बघता येत नाही. डॉक्टरांना ठाऊक नाही, संगणकाला नाही. मी कितीही वह्या भरल्या, तरी मलाही नाही.

सिस्टरांना विचारलं, तर म्हणाल्या, "ते राहू दे. तिला सांगितलंस का?"

"सांगते."

दर महिन्याला हेच. एकदा तर घड्याळ माझ्यासमोर उलटं करून म्हणाल्या, "बस पाच मिनिटं. तुझंच चढलंय."

साहेब, मी अजून सांगितलेलं नाही.

ती बाई उद्या येते आहे, दुसऱ्या खेपेची. मागचा आजार पाहता या वेळी गोळी मिळेलच, आकडा काही येवो. पण काल फोनवर म्हणाली, "आकडा तुम्हीच काढा हं मॅडम, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." आणि उद्या मला विचारायला सिस्टर नसतील.

सत्काराच्या कार्यक्रमात हे बोलायचं नव्हतं. सिस्टरांच्या शिस्तीबद्दल चार चांगले शब्द लिहून आणले होते, ते तसेच राहिले. सिस्टर, तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. चार वर्षं विचारत राहिलात, म्हणून मानते. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर ते आपण पोटात घालावं. बाकीच्या चुकीची क्षमा आपल्याकडे मागण्यासारखी नाही.

उद्याचं एकच काम या कागदाच्या तळाशी शाईनं लिहिलं आहे: दहा वाजता, बीपी घेऊन झाल्यावर, आकडा काढायच्या आधी, तिला सांगणे.