माझ्यावर गेली

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहणाऱ्या एका बाईंच्या शेजारी एक म्हातारा शिंपी आणि त्याची लेक येऊन बसली. दोघांचेही गुडघे टम्म सुजलेले.

“पोट तर घरात सगळ्यांचंच बिघडलं होतं, बाबा. आई चार दिवसांत खडखडीत बरी झाली.”

“आपल्या दोघांच्याच सांध्यांत उतरलं. डॉक्टर म्हणाले ना, ही खोड रक्तातच आहे, माझ्याकडून तुझ्यात आलेली.”

“आता मशीनला पाय लावू नका.”

“तू झालीस तेव्हा गल्लीभर मिरवलो, पोरगी माझ्यावर गेलीय म्हणून.”

“पुरे हो, बाबा.”

“बाळ कोणावर गेलंय?”

“सासूबाईंवर.”

“खरं सांग.”

“सासूबाईंवरच.”

“सुटलो गं, पोरी.”

नंबर पुकारला. म्हातारा भिंत धरत आत गेला. लेकीने मोबाईलवर बाळाचा फोटो उघडला, तशी बाईंना राहवलं नाही.

“अगं, हे तर थेट आजोबांचं नाक!”

“हळू, मावशी. दार उघडं आहे.”