इंदुताईंनी स्पंज धुतला

मंडळी, जरा सरसावून बसा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस ज्याच्यावर जीव लावतो, त्याचाच जीव त्याच्या हातून का जातो? वैऱ्याच्या हातून गेला तर एक वेळ समजता येईल – पण मायेच्या हातून? बोला! ... नाही ना येत? मग ऐका.

इचलकरंजीत एक इंदुताई. बाई कशी? पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायचे, मग चहा! (हसू नका! पुढच्या रांगेतल्या दोन-तीन माउली आत्ताच चुळबुळायला लागल्यात!) त्यांचे यजमान दामूअण्णा. ज्येष्ठात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "मन कशात तरी रमलं पाहिजे. रमलं, तर बोलतील." आणि अण्णा? दिवसभर भिंतीकडं बघत बसायचे. नुसत्या भिंतीकडं!

म्हणून इंदुताईंनी त्या भिंतीपाशीच काचेची टाकी मांडली. माशांतलं बाईंना ओ की ठो कळत नव्हतं. दुकानदार मेहबूब म्हणाला, "काकू, खाली माती, वर वाळू, त्यात रोपं खोचा. पाणी भरा, फिल्टर चालू करा. मासे मात्र महिन्यानं."

"महिन्यानं? का रे बाबा?"

"पाणी मुरू दे की!"

घ्या! लोणचं मुरतं – पाणी मुरतं हे बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. पण थांबल्या हो! पाणी गढूळलं, थांबल्या. पानं कुजून गळाली, थांबल्या. मग नवी पानं फुटली, आणि लाल शेपटीचे सहा मासे घरात आले. अण्णांची मान वळली! नजर माशांच्या मागं फिरायला लागली. एकदा तर ओठ हलले – त्या दिवशी इंदुताई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या.

आता संकट कुठून आलं, ते ऐका. नवरात्र उद्यावर आलं. घट बसायचे, म्हणजे सगळं घर धुवून निघालं पाहिजे! गोधड्या धुतल्या, डबे धुतले, पाण्याचं बॅरल घासून पालथं घातलं. शेवटी नजर गेली टाकीकडं. फिल्टर उघडला – आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत! "शी! देवी यायची, आणि घरात ही घाण?" स्पंज नळाखाली धरला, ब्रश मारमारून लख्ख केला. मासे जेमतेम बुडतील इतकंच ठेवून टाकीतलं पाणी उपसलं, नळाचं ताजं भरलं. काय ती टाकी झळकली!

अर्ध्या तासात सहाही मासे वर! तोंडं पाण्याला टेकलेली – उघडझाप, उघडझाप! एक आडवा झाला. अण्णांनी पाहिलं. डावा हात खुर्चीवर आपटायला लागले – धाड! धाड! डोळे विस्फारलेले, आणि तोंडातून शब्द नाही!

इंदुताईंनी मेहबूबला फोन लावला. मेहबूब ओरडला, "काकू, नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतंय! माशांचे कल्ले भाजत असतील! साठवणीचं पाणी घाला, तीन-चार दिवसांचं! मी निघालो!"

साठवणीचं! अहो, एरवी घरोघरी भरलेली बॅरलं असतात – पण आज? आज गल्लीभर सगळी धुवून पालथी! एकच घर उरलं – शेजारच्या वैजूचं. आणि ती बॅरल घासत नाही म्हणून इंदुताई तिला वर्षभर टोमणे मारत आलेल्या! कुठल्या तोंडानं जायचं? मागं धाड-धाड वाजतंय. बाई अनवाणी धावल्या.

"वैजू, तुझ्या बॅरलातलं पाणी दे गं!"

"काकू, चार दिवसांचं आहे ते. तुम्हीच त्याला डबकं म्हणता."

"तेच दे! तुझ्या पाया पडते!"

वैजूनं दोन बादल्या भरल्या आणि तीच आधी पळत सुटली.

दोघींनी टाकीतलं पाणी उपसलं, वैजूचं ओतलं. पुन्हा उपसलं, पुन्हा ओतलं. तेवढ्यात मेहबूब आला. हातात पिशवी, पिशवीत त्याच्या दुकानातल्या टाकीचा मळका स्पंज.

"काकू, तुमच्या स्पंजात जी बुळबुळ होती ना, ती माशांची घाण खाऊन पाणी जिवंत ठेवत होती. ती तुम्ही धुऊन टाकली. आता हा पिळा."

ज्या बाईनं परक्या घरचा पेला विसळल्याशिवाय कधी ओठाला लावला नाही, तिनं तो स्पंज मुठीत घेतला आणि टाकीत पिळला! काळपट पाणी सगळीकडं पसरलं.

पाच मिनिटं... दहा... आडवा झालेला तळाशी गेला, तो गेलाच. दुसराही गेला. अण्णांचा हात आपटायचा थांबला, आणि इंदुताईंना ते आपटण्यापेक्षा भयंकर वाटलं. आणि मग – एक मासा हळूच खाली उतरला, पानांत शिरला. त्याच्यामागं दुसरा. चार वाचले, मंडळी, चार!

काचेवर काळे ओघळ आले होते. सवयच ती – इंदुताईंनी पदर घेऊन हात पुढं केला. आणि खुर्चीतून आवाज आला. जड, फाटका, चार महिन्यांनी!

"रा... राहू... दे."

हात तिथंच थांबला.

आता तुम्हाला विचारतो. उद्या सकाळी उठून तुम्ही कोणाला घासायला घेणार आहात? सून अशी का बसते, मुलगा तसा का बोलतो, नवरा असाच का जेवतो – ब्रश घेऊन आपण मागं! विचारलं तर म्हणायचं, माया आहे हो! असेल की, मी कुठं नाही म्हणतो? इंदुताईंची काय कमी होती? पण घरी जाल तेव्हा बघा, आपल्या लख्ख संसारात कोण तोंड वर करून श्वास शोधतंय. त्याच्याजवळ नुसते बसा. काही पुसायला जाऊ नका. देवाचं नाव त्यानंतर घ्या!