बोगद्यात अडकलेलं इंजिन

नाव : गल्लीत मला शिलाईमावशी म्हणतात. वय : अठ्ठावन्न. धंदा : शिवणकाम. राहणार : बेकरीच्या मागे, कोपऱ्यावरचं घर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती घर सोडून गेल्याची तक्रार मी आज दुपारी याच टेबलावर दिली होती. ती मागे घेते. ते सापडले. घरातच होते.

पतींना छोट्या आगगाड्या जमवायचा भारी नाद. माळ्यावर मोठ्या टेबलावर रूळ, स्टेशन आणि बोगदा असलेला प्लॅस्टरचा पोकळ डोंगर आहे. नवीन इंजिन आणणार नाही, असं त्यांनी मला कबूल केलं होतं. आज सकाळी त्यांच्या पिशवीत खोकं दिसलं. मी म्हणाले, "या घरात एक तर तुमची खेळणी राहतील, नाहीतर मी." मी तणतणत गिऱ्हाइकाचे ब्लाउज द्यायला गेले.

परत आले तर हे नाहीत, चपला नाहीत, खोकंही नाही. फोन उचलेनात. बायकोला सोडून खेळणं घेऊन माणूस गेला, असंच मला वाटलं. माळ्याची शिडी वर ओढलेली होती, पण ती एरवीही तशीच असते. वर टकटक होत होती. मेली कबुतरं, म्हटलं, आणि दार आपटून इथे आले.

हवालदारांनी पतींच्या मित्राला बोलावलं. ते घड्याळं दुरुस्त करतात. ते म्हणाले, "वहिनी, इंजिन मीच दिलंय. बजावलंही होतं, बाबा रे, तुझ्या सगळ्या गाड्या ट्रॅडिशनल, हे स्केलचं आहे. तुझ्या बोगद्यातून जायचं नाही."

मी म्हटलं, नीट कळेल असं सांगा. त्यांनी सांगितलं की रूळ दोन्हींना तेच चालतात. पण स्केलचं इंजिन म्हणजे खऱ्याच्या अगदी प्रमाणात लहान केलेलं. ट्रॅडिशनल जुन्या पद्धतीचं, लहान वळणावर फिरावं म्हणून मुद्दाम आखूड आणि बुटकं केलेलं. म्हणजे एक अंगाच्या मापाचं, दुसरं आखूड शिवलेलं. हे मला कळतं.

"त्याने ऐकलं का?" मी विचारलं.

"छे! म्हणाला, घालून तर बघू."

तेव्हा मला ती कबुतरं आठवली.

हवालदार, घड्याळवाले आणि मी घरी धावलो. मी पुन्हा ओरडेन म्हणून यांनीच चपला-खोकं वर नेऊन शिडी आतून ओढली होती. इंजिन बोगद्यात मधोमध रुतलेलं. ते ढकलायला यांनी टेबलाखालच्या भोकातून डोंगरात डोकं घातलं, ते आत गेलं ते गेलंच. हवालदारांनी विचारलं, काय फोडायचं? आतून आवाज आला, "इंजिनाला धक्का लावू नका!" तो आवाज ऐकला आणि माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, डोंगर फोडा.

पांढरेफटक होऊन बाहेर आले. मी जे बोलले ते इथे लिहू नये. ते एवढंच म्हणाले, "दार आपटल्याचं ऐकलं. मला वाटलं, तूच गेलीस." आणि माझा हात सोडेनात.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. नवा बोगदा मापाने करायचा आहे. माप मी घेणार.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, शेजारी बसलेल्या पतींनीही ऐकला. 'खेळणी' हा शब्द खोडावा असं त्यांचं म्हणणं पडलं. मी खोडू दिला नाही. बाकी सगळं बरोबर आहे. यांना घरी घेऊन जाते.