पिशवीतली घोंगडी

बारामतीच्या स्टँडवर बावड्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकड्यावर एक बाप आणि त्याची कॉलेजातली लेक.

“आप्पा, फिरून दमला का?”

“न्हाय गं. मंडई झाली, कऱ्हेवरचा पूल झाला, सिनेमाबी झाला. फकस्त तुझं कॉलेज ऱ्हायलं.”

“तितं काय न्हाय बघण्यासारखं.”

“बरं.”

“घोंगडी घ्या आता अंगावर. सकाळी उगंच पिशवीत घालाय लावली मी.”

“ऱ्हाऊ दे. मघाची तुझी मैत्रीण परत आली तर?”

“आप्पा, तिला ‘गावाकडचे आहेत’ असं चुकून बोलून गेले मी.”

“तू भेळ आणाय गेलीस, तवा तिनं इचारलं, सुकन्याचे वडील कसे आहेत?”

“मग?”

“म्हणलं, बरं हायत. लेकीची लई आठवण काढत्यात.”