भागीरथीकाकूंची तीन औषधं

बसलात ना मंडळी नीट? मग एक विचारतो. विष बाधतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! पण माया — माया बाधते का हो? थांबा, इतक्यात माना हलवू नका. आधी भागीरथीकाकूंचं ऐका.

चिपळूणच्या बाजूचं एक खेडं. काकू तिथे एकट्या. मुलं तीन, तिन्ही गुणी आणि तिन्ही लांब! एकदा फोनवर काकू सहज बोलून गेल्या, "हल्ली पोट साफ होत नाही रे." झालं! थोरल्या श्रीपादनं त्रिफळा चूर्ण धाडलं. सुलभा मागे राहते होय? तिनं कोरफडीचा रस धाडला. धाकट्या हेमंतनं सोनामुखीच्या गोळ्या! वर छापलेलं — 'संपूर्ण नैसर्गिक'! अहो, धोतरा काय कारखान्यात तयार होतो?

दुसऱ्या कुणी त्यातलं एक निवडलं असतं. पण काकू पडल्या आई! लाडू वाटताना जिनं कधी डावं-उजवं केलं नाही, ती औषधात करेल? सकाळी श्रीपादचं, दुपारी सुलभाचं, निजताना हेमंतचं. ज्याचं त्याचं नाव घ्यायचं, डोळे मिटायचे — की गट्ट!

मग व्हायचं तेच झालं. पोटात मुरडा, परसाकडे खेपा. अन्नावरची वासनाच उडाली. चांगली भरल्या अंगाची बाई, वाळून काटकी झाली हो! आणि फोनवर काय? "आई, औषध घेतलंस का?" "घेतलं रे बाळा. छान वाटतंय!" — अहो पेटीवाले, सूर धरायचा सोडून हसताय काय? तुमच्या आईनं तरी तुम्हाला कधी खरं सांगितलंय?

एक दिवस अंगणातच घेरी येऊन पडल्या. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, औषधांची पिशवीही नेली. डॉक्टरीणबाईंनी पिशवी पाहून कपाळाला हात लावला.

"काकू, दही कशानं लागतं?"

"विरजणानं."

"तसंच जिवंत विरजण तुमच्या आतड्यात असतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू, पण आपले, पचनाला हातभार लावणारे. ही औषधं वाईट नाहीत. पण तिन्ही रेचक! रोज, एकदम, कुणाला न विचारता घेतलीत. त्या बिचाऱ्यांची घडीच विसकटली. आता सगळं बंद. मऊ भात खा, ताक प्या."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "बंद केलं, तर पोरं फोन कशाला करतील हो?"

ऐकलंत मंडळी? पोट बिघडलं तरी चालेल, फोन तुटायला नको! एवढ्यासाठी ती माउली ते कडू घोट गिळत होती.

डॉक्टरीणबाईंनी श्रीपादला बोलावून घेतलं. आईला घेऊन तो घरी आला. त्यानं पिशवी बाजूला सारली, चूल पेटवली आणि मऊ भात स्वतः शिजवला. घास भरवत म्हणाला, "आई, आम्ही तिघंही रोज फोन करू. औषधाचं एका अक्षरानं विचारणार नाही."

"मग रे काय विचारशील?"

"आज काय जेवलीस, ते."

काकू घास चावता चावता थांबल्या. म्हणाल्या, "अगंबाई! म्हणजे उद्यापासून काहीतरी रांधायला हवं मला!"

मंडळी, माया बाधत नाही. डब्यात भरून धाडली आणि आपण सुटलो म्हटलं, की बाधते! आता प्रसाद घ्या, घरी जा. ज्याची आई आहे, त्यानं तिला विचारा — काय जेवलीस? ती आमटीत काय घातलं इथपासून सांगेल. सांगू दे. मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणू नका!