दोन्ही वल्ही ओढल्यावर

नावाडी : धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी मी धक्क्यावरून पडलो. तेव्हापासून मानेखालचं काहीच माझं नाही. आता तिचं पोर रांगायला लागलंय, आणि तुम्ही मला म्हणता, काका, घाबरू नका!

(इस्पितळातली व्यायामाची खोली. नावाडी चाकांच्या खुर्चीत, डोक्यावर तारांची टोपी; ती मनातली हालचाल टिपते आणि खुर्ची चालवते. व्यायाम घेणाऱ्या ताईच्या हातात खुर्ची थांबवायचं लाल बटण. शेजारी बायको. खुर्ची जिन्याच्या तोंडाशी थांबलेली.)

ताई : मी लाल बटण दाबलं ना वेळेवर?

बायको : वेळेवर कसलं? चाक पायरीच्या काठाला आलं होतं.

नावाडी : डावीकडे जायचं मनात आणलं, ती उजवीकडे गेली. थांब म्हटलं, ती जोरात निघाली. ताई, डोकंही गेलं का माझं? खरं सांगा.

ताई : नाही हो. डावीकडे जाताना मनात काय केलंत?

नावाडी : तुम्हीच सांगितलंत, हात हलवल्यासारखं करा. उजवा ओढला.

ताई : डावीकडे जायला उजवा?

नावाडी : मग? उजवं वल्हं ओढल्याशिवाय होडी डावीकडे वळेल का?

ताई : अरे देवा! आणि जिना दिसल्यावर?

नावाडी : दोन्ही ओढली, जीव खाऊन. होडी पाठीकडे जाते ना तशी.

ताई : दोन्ही हात म्हणजे खुर्चीला 'पुढे'. तुम्ही जितके घाबरलात, तितकी ती जिन्याकडे धावली.

बायको : मग तिला हे शिकवा की, बाई!

ताई : शिकवते. लगेच बदलते. ओढलं की मागे, ढकललं की पुढे.

नावाडी : ते बदलाल. माझ्या भीतीचं काय कराल? ही दिवसभर कामावर. आमच्या दारातून उतार थेट नदीत जातो. तिथं लाल बटण कोण दाबणार?

बायको : मग काय, जन्मभर मीच उचलू? ऊन अंगावर आलं तरी तुम्हाला हातभर सरकता येत नाही. कामात हात असतो, जीव तुमच्यापाशी.

नावाडी : ओझं झालोय, ठाऊक आहे.

बायको : ओझं म्हटलं का मी? जीभ तेवढी शाबूत राहिली, ती टोचायला वापरा!

ताई : थांबणं पक्कं झाल्याशिवाय खुर्ची घरी देणारच नाही मी. चालताना पावलं कशी पडायची ते आठवा; पावलं म्हणजे खुर्चीला 'थांब'.

नावाडी : पावलं आठवत नाहीत आता. हात आठवतात. पावलं पुसली गेली.

ताई : मग दुसरं काहीतरी. ज्यानं आतलं सगळं जागच्या जागी थांबतं, असं. (खुर्ची जिन्यापासून दूर, खोलीच्या मध्याकडे वळवते. बायको समोर येऊन उभी राहते.)

नावाडी : बघतो. आधी हिला समोरून हलवा.

बायको : मी नाही हलणार. आणा अंगावर.

नावाडी : अगं, वेड लागलंय का तुला?

ताई : काकू, निदान थोडं मागे व्हा. माझा अंगठा बटणावर आहे. काका, ढकला.

नावाडी : निघाली... जोर धरतेय ही. सरक! अगं, सरक ना!

ताई : थांबवा, काका!

बायको : ...थांबली. गुडघ्याला टेकायची बाकी होती.

ताई : मी बटण दाबलं नाही. काका, काय आणलंत मनात?

नावाडी : आईला. मी इथंच वरच्या मजल्यावर पडून होतो, तेव्हा ती गेल्याचं कळलं, आणि आतलं सगळं जागच्या जागी थांबलं. मागच्या थंडीत, मंगळवारी पहाटे.